ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मंगळवारच्या अंकात वाचकांच्या पत्रव्यवहारात एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं आहे. आमच्या नाशकात नुकत्याच झालेल्या छोट्या चित्रपट महोत्सवात रविवारी सकाळी लेस्बियन स्त्रियांच्या आणि स्त्री-चळवळीच्या इतिहासावरचे तीन माहितीपट दाखवले, त्याबद्दल त्यांची तक्रार आहे. भाषा सभ्य आहे, मुद्दाही नीट मांडला आहे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडच्या स्त्री-चळवळीत हा विषय कधी नव्हताच. ऐंशीच्या दशकातल्या संघटनांची इतिवृत्तं, ठराव, पत्रकं त्यांनी अभ्यासली आहेत आणि त्यांत याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. तेव्हा अमेरिकेतल्या बायकांचा इतिहास आपल्या माथी मारू नये.

उल्लेख नाही, हे खरं आहे. निदान एका इतिवृत्ताबद्दल मी हे छातीठोकपणे सांगू शकते, कारण ते मी लिहिलं होतं आणि उल्लेखही मीच गाळला होता.

पत्र लांबणार आहे. जागेअभावी कापावं लागलं तर सिनेमांबद्दलचं कापा, सभेबद्दलचं कापू नका.

मी मुंबईत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. १९७७ साली लागले तेव्हा 'बॉम्बे टेलिफोन्स' होतं, १९८६ मध्ये 'महानगर' झालं. ट्रंक बोर्डावर माझी उमेदवारी गेली. आताच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे सांगायचं तर एक तास लागतो, आणि ती मध्येच मोबाइल बघायला लागतात. तर असो. आमच्यात एक सहा वर्षांनी मोठी सहकारी होती. ती डिरेक्टरी चौकशीच्या बोर्डावर बसायची. त्या सेवेचा नंबर १९७, म्हणून सगळी पाळी तिला 'वन-नाइन-सेव्हन' म्हणायची. मीही इथे तेच म्हणते. कुणाचा नंबर विचारला की पुस्तक न उघडता सांगायची, आणि वर, "ते आता तिथे राहत नाहीत, नंबर भावाकडे आहे," हेही.

तिनेच मला मोर्चाला नेलं. मथुरा प्रकरण तेव्हा पेटलं होतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आणि त्याविरुद्ध चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, तिथून सगळं सुरू झालं. ८ मार्च १९८० ला रात्रपाळी करून, तोंडावर पाणी मारून, आम्ही दोघी थेट मोर्चात गेलो. पायात स्लिपर होत्या. त्यानंतर मी एका संघटनेच्या सभांना जायला लागले. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. संघटनेचं नाव इथे लिहीत नाही. जे झालं ते त्या एका संघटनेतच झालं असं नाही, आणि ते मी केलं.

१९८२ चा पावसाळा. गिरणी संप जानेवारीत सुरू झालेला, सहा-सात महिने होऊन गेलेले. परळच्या एका शाळेच्या वर्गात सभा होती. पहिलीतल्या मुलांचे बुटके बाक, गुडघे हनुवटीला लागायचे. विषय होते: संपकरी कुटुंबांसाठी धान्य, हुंडाबळीविरुद्धचा मोर्चा, आणि शेवटी नेहमीप्रमाणे ऐनवेळचे विषय. धान्याच्या विषयालाच दीड तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. समोरच्या चाळीतल्या दोन बायका सभेत होत्या, त्यांच्याकडे त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

शेवटी वन-नाइन-सेव्हन उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, फोनवर मात्र दिवसाला शेकड्यांनी माणसांशी बोलायची. ती म्हणाली, "लग्न झालेल्या बायकांबद्दल आपण बोलतो, टाकलेल्या बायकांबद्दल बोलतो, विधवांबद्दल बोलतो. ज्यांना लग्नच करायचं नाही, ज्यांना मैत्रिणीबरोबरच संसार करायचाय, त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. कुणीतरी पदर सारखा केला. मग अध्यक्षस्थानी असलेल्या बाई, अतिशय चांगल्या बाई, ज्यांच्यामुळे कितीजणी सासरच्या छळातून सुटल्या, म्हणाल्या, "प्रश्न महत्त्वाचा आहे. पण आत्ता नको. आधीच आपल्याला घरं फोडणाऱ्या म्हणतात. हे ऐकलं तर या वस्तीतली एकही बाई उद्या सभेला यायची नाही."

त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. संपाचे दिवस होते. पण वही माझ्या हातात होती. मी लिहिलं: 'ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली. सभा आभार मानून संपली.' पुढच्या सभेत ते वाचून कायम करण्यात आलं. वन-नाइन-सेव्हननेही हात वर केला.

प्राध्यापकसाहेब, तुम्ही जे कागद अभ्यासलेत त्यांत हे वाक्य किती वेळा आलंय ते एकदा मोजून पाहा.

आता सिनेमांबद्दल. मला सूनबाई घेऊन गेली. तिने मोबाइलवर पास काढले आणि विचारलं, "आई, विषय असा असा आहे, याल का?" मी म्हटलं, विषय मला नवीन नाही. ती जरा चमकली. रविवारी सकाळी नऊची वेळ, छोटं सभागृह, मी मोजली तेव्हा माणसं २७, त्यांतली चार स्वयंसेवक. उद्घाटनाला म्हणे उभं राहायला जागा नव्हती. तिथे वक्त्याने नाशिक ही दादासाहेब फाळक्यांची भूमी वगैरे सांगितलंच असणार, ते सांगितल्याशिवाय आमच्याकडे सिनेमाचा पडदा वर जात नाही. त्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त १९१३ साली तारामती झाले होते साळुंके नावाचे गृहस्थ, कारण बाई मिळेना. त्या वेळी कुणाची संस्कृती बुडाली नाही.

पहिला माहितीपट अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीवरचा, मेरी डोर यांचा, २०१४ चा, 'शीज ब्युटिफुल व्हेन शीज अँग्री'. १९६६ ते १९७१ च्या काळातल्या बायका आता सत्तरीत येऊन तेव्हाचं सांगतात. सुरुवातीला दहा मिनिटं खालची अक्षरंच येत नव्हती. एक मुलगा धावत गेला, पडदा निळा झाला, मग आली. त्यात लेस्बियन बायकांचा भाग तसा थोडा आहे, पण मी त्यातच अडकले. बेटी फ्रीडन ही तिथल्या चळवळीतली मोठी पुढारी. या बायकांमुळे चळवळ बदनाम होईल अशी तिला धास्ती, म्हणून तिने त्यांना नाव ठेवलं, 'लॅव्हेंडर मेनेस'. आपल्या भाषेत 'जांभळं संकट'. १ मे १९७० ला न्यूयॉर्कमध्ये मोठी महिला परिषद भरली होती. संध्याकाळी सभागृहातले दिवे गेले. परत आले तेव्हा जांभळ्या टी-शर्टातल्या बायका समोर उभ्या, आणि छातीवर तीच शिवी छापलेली. प्रेक्षकांत साध्या कपड्यांत बसलेली एक, कार्ला जे, उठली, तिने वरचा ब्लाउज काढला, आत तोच टी-शर्ट. (तिथे ब्लाउज म्हणजे शर्ट. माझ्या शेजारच्या आजोबांनी दचकून श्वास घेतला म्हणून सांगते.) मग त्यांनी माइक हातात घेतला आणि आपलं पत्रक वाटलं.

म्हणजे 'आत्ता नको' तिथेही होतं. आमच्या परळच्या बाई आणि ती फ्रीडन एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण भीती अगदी तीच. फरक एवढाच की तिथे कुणीतरी दिवे घालवले. आमच्याकडे मुंबईत तेव्हा दिवे आपोआपही जायचे, पण त्याचा आम्ही काही उपयोग केला नाही. एक गोष्ट सिनेमात नाही, ती फ्रीडनबाईंच्या बाजूने सांगायला हवी. १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत लेस्बियन स्त्रियांच्या हक्कांचा ठराव आला तेव्हा तिने उभं राहून पाठिंबा दिला. सात वर्षं लागली, पण दिला.

दुसरा माहितीपट, 'दि आर्काइव्हेट्स', मेगन रॉसमन यांचा. खरं तर या एका सिनेमासाठी मी हे पत्र लिहायला बसले. न्यूयॉर्कमधल्या काही लेस्बियन बायकांनी १९७४ मध्ये ठरवलं की आपले कागद आपणच सांभाळायचे. जोन नेसल नावाची त्यांतली एक, तिच्या राहत्या घरी ही सुरुवात झाली, स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत. डाळ-तांदळाच्या जागी पत्रं, फोटो, डायऱ्या, पत्रकं, मोर्चातले बिल्ले. हळूहळू कागदांनी सगळं घर व्यापलं. पुढे लोकांकडून लहान-लहान देणग्या जमवून ब्रुकलिनमध्ये तीन मजली घर घेतलं, ते १९९३ मध्ये खुलं झालं. अजून स्वयंसेवकच चालवतात. पाहायला जायचं तर पदवी लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि घ्यायचं काय याला नियम एकच: कुठल्याही लेस्बियन बाईचं आयुष्य क्षुल्लक नाही, ती प्रसिद्ध असण्याची गरज नाही.

त्यात एक बारीकशी गोष्ट आहे, ती घरी येऊनही डोक्यातून जाईना. तिथे पुस्तकं लेखिकांच्या आडनावाप्रमाणे लावत नाहीत, पहिल्या नावाप्रमाणे लावतात. आडनाव बापाचं नाहीतर नवऱ्याचं, म्हणून. आमच्याकडे तर मधलं नावही आधी बापाचं आणि मग नवऱ्याचं. माझ्या सेवापुस्तकात माझं नाव दोनदा बदललं आहे, शिक्के मारून. वन-नाइन-सेव्हनचं कधीच बदललं नाही. दर वर्षी पगारपत्रक आलं की हेडक्लार्क तिला म्हणायचा, "बाई, अजून कुमारीच?"

सिनेमा चालू असताना पडद्यावर एक म्हातारी बाई एका खोक्यातून पत्रांचा गठ्ठा काढते आणि त्यावरची दोरी सोडते. तिथे मी उठून बाहेर आले. सूनबाईला वाटलं साखर कमी झाली.

त्याचं कारण असं.

वन-नाइन-सेव्हनची मैत्रीण शिक्षिका होती, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत. आम्ही तिला 'बाई'च म्हणायचो, अजून म्हणतो. १९७९ ते ८३ अशी चार वर्षं दोघींची भेट उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. बाकी पत्रं, निळी आंतर्देशीय. आणि पंधरवड्याला एक पीपी कॉल. पीपी म्हणजे नाव सांगून लावलेला कॉल, ते माणूस फोनवर आलं तरच पुढे पैसे. बाई तालुक्याच्या पोस्टात येऊन लावायच्या, इकडे वन-नाइन-सेव्हन वसतिगृहात मेट्रनच्या खोलीत घ्यायची. तिथे मेट्रन, दारात चार पोरी, तिकडे पोस्टमास्तर, आणि मध्ये वायरवर मी. ऑपरेटरने ऐकायचं नसतं असा नियम आहे. लाइन लागली का हे बघण्यापुरतं ऐकावंच लागतं, आणि मी त्याहून जास्त ऐकलं हेही आता कबूल करते. असं बोलणं व्हायचं:

"पाऊस आहे का?" वन-नाइन-सेव्हन विचारायची.

"आहे."

"सहामाहीचे पेपर झाले तपासून?"

"दोन गठ्ठे राहिलेत."

"बरं."

आणि मग काहीच नाही. नुसता वायरीचा आवाज, लांबच्या कुठल्यातरी तिसऱ्याच कॉलची कुजबुज. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" मी कितीदा तरी विचारलं नाही. नोकरीत नियम मोडला तो एवढाच. त्या गप्प राहण्याचे पैसे खात्याने घेऊ नयेत असं वाटायचं.

१९८३ मध्ये बाईंना मुंबईत महापालिकेच्या शाळेत नोकरी मिळाली. मुलुंडला वन-नाइन-सेव्हनने कर्ज काढून खोली-किचन घेतलं आणि वीस वर्षं दोघींनी संसार केला. दोन खुर्च्या, एक रेडिओ, गच्चीवर पापड. शेजारी म्हणायचे मावस बहिणी. त्यांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

हा विषय आपल्याकडे नव्हता म्हणता? १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आलं. एका मुलीच्या प्रेमात पडलेल्या मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट, ती तिचा मित्र बापू सांगतो. रोहिणी हट्टंगडी मित्रा झाली होती. आम्ही तिघी बघायला गेलो. परतताना लोकलमध्ये वन-नाइन-सेव्हन इतकंच म्हणाली, "शेवटी मेलीच. आणि गोष्ट पण त्या बापूनेच सांगितली." डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेशात लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांना नोकरीतून काढलं. ती बातमी साऱ्या देशात गाजली. आमच्या कँटीनमध्ये हशा पिकला. वन-नाइन-सेव्हनने जेवणाचा डबा बंद केला, ते कात्रण कापलं आणि पर्समध्ये ठेवलं. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा अशा स्त्रियांचा गट सुरू झाला, पुढे त्याचं नाव 'लेबिया' झालं. नोव्हेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांचा 'फायर' लागला, दोन जावांच्या प्रेमावरचा. सेन्सॉरने एकही कट न देता सोडलेला, तरी २ डिसेंबरला गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसेनेच्या बायका घुसल्या, काचा फोडल्या, खेळ बंद पाडला. आमची तिघींची शनिवारची तिकिटं ठरली होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीत तेच झालं. पण तिथेच त्याच आठवड्यात, ७ तारखेला, रीगल टॉकीजबाहेर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या आणि एकीच्या हातात फलक होता, 'भारतीय आणि लेस्बियन' अशा अर्थाचा. पेपरात फोटो आला. बाईंनी तो भिंगातून पाहिला.

२००३ मध्ये वन-नाइन-सेव्हन कर्करोगाने गेली. रुग्णालयात भेटायच्या फॉर्मवर नात्याचा रकाना होता. बाईंनी 'बहीण' लिहिलं. शेवटच्या ऑपरेशनला सहीसाठी मात्र खरा भाऊ लागला, तो दुसऱ्या दिवशी आला. तेराव्यानंतर त्याने बाईंना दहा दिवसांची मुदत दिली. घर बहिणीच्या नावावर, बहिणीला मूल नाही, कायद्याने तोच वारस. माणूस वाईट नव्हता. त्याने बाईंना मिक्सर नेऊ दिला.

बाई भाचीकडे पनवेलला गेल्या. तिथे जागा नव्हती, म्हणून दोन कापडी पिशव्या त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिल्या. एकीत पिशवीभर पत्रं. दुसरीत डायऱ्या, कात्रणं, मोर्च्यांची पत्रकं, सायक्लोस्टाइल केलेले दोन-चार अंक. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाल्या, "मी छोटीशी जागा बघते आणि घेऊन जाते."

२००५ च्या मे महिन्यात आमच्या कुर्ल्याच्या घराला रंग काढला. माळा रिकामा केला. यजमानांनी विचारलं, "या पिशव्या कसल्या?" मुलगी जवळच उभी होती, मुलगा बारावीला. मी म्हटलं, "जुनी रद्दी." एकदा तोंडातून तो शब्द गेला आणि मग रद्दीचं जे करतात ते करावं लागलं. रद्दीवाला जिन्यात बसला. पारड्यात ओतलं तेव्हा एक निळं आंतर्देशीय घसरून पायरीवर पडलं. त्याने ते अंगठ्याने परत ढिगात सारलं. नऊ किलो झालं. पाच रुपयांनी पंचेचाळीस. मी त्यातून कोथिंबीर-मिरची आणली, हे नको तितकं स्पष्ट आठवतं.

दोन महिन्यांनी २६ जुलैचा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. कुर्ला बुडालं. चौथ्या दिवशी फोन लागले तेव्हा बाईंचा आला, सुखरूप आहात ना म्हणून. आणि मी न विचारता सांगून टाकलं, "बाई, तुमच्या पिशव्या भिजल्या, सगळा लगदा झाला." आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाई म्हणाल्या, "जाऊ दे गं. माणसं वाहून गेली, कागदांचं काय."

म्हणून मी त्या सभागृहातून उठले.

तिसऱ्या माहितीपटाला मी परत जाऊन बसले. देबलीना या बंगाली दिग्दर्शिकेचा 'एबंग बेवारिश', २०१३ चा. २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये, नंदीग्राम भागात, स्वप्ना आणि सुचेता या दोन मुलींनी जीव दिला. स्वप्नाने जाताना पत्र लिहून ठेवलं. दोघींचे मृतदेह घ्यायला घरचं कुणी आलं नाही, कागदोपत्री त्या बेवारस ठरल्या. सिनेमाचं नाव त्यावरून. 'बेवारस' हा शब्द बंगालीत आणि मराठीत एकच, खालची इंग्रजी अक्षरं वाचायची गरज पडली नाही. प्राध्यापकसाहेब तिन्ही सिनेमांना अमेरिकेचे म्हणतात, त्याअर्थी ते इथवर थांबले नसावेत. नऊची वेळ होती, नाश्ता राहिला असेल.

संपादकसाहेब, माझं मागणं मोठं नाही. आयोजकांनी हे तीन माहितीपट पुन्हा दाखवावेत, संध्याकाळी, आणि मराठी अक्षरं घालून. सूनबाई आणि मी मिळून भाषांतर करून देऊ. ती इंग्रजी बघेल, मी मराठी. आणि आपण दिवाळीच्या आधी घरातली अडगळ काढण्याबद्दल दर वर्षी सदर छापता, डबे कसे लावावेत, कपडे कुणाला द्यावेत. त्यात यंदा दोन ओळी वाढवा. मावशी, आत्या, ती लग्न न केलेली शेजारीण, यांच्या मागे राहिलेल्या पिशव्या काट्यावर घालू नका. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो' ही संस्था स्त्रियांची पत्रं, छायाचित्रं, आठवणी जपते आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'कमरा' नावाचा संग्रह आहे, तो तर समलिंगी, पारलिंगी अशा माणसांचाच. त्या पंचेचाळीस रुपयांत मला एक पार्सल करता आलं असतं.

हे पत्र आपल्याकडे पाठवण्याआधी काल रात्री मी बाईंना फोनवर वाचून दाखवलं. बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पनवेललाच असतात, आपला पेपर घेतात. छापून आलेलं वाचून त्यांना कळावं हे बरं दिसलं नसतं. रद्दीच्या भागापाशी येऊन मी थांबले. पलीकडून काहीच आवाज नाही. जुन्या सवयीने तोंडातून गेलं, "हॅलो, लाइनवर आहात ना?"

"आहे. वाच पुढे."

शेवटपर्यंत ऐकलं. रागावल्या का ते आवाजावरून मला ओळखता आलं नाही, आणि आवाज ओळखण्यात माझी सदतीस वर्षं गेली आहेत. मग त्यांनी तीन दुरुस्त्या सांगितल्या. मी त्या पत्रात केल्या नाहीत, चुका माझ्या आहेत त्या तशाच दिसू देत. इथे खाली देते.

एक. 'पिशवीभर पत्रं' लिहू नकोस, एकूण दोनशे अकरा होती. तिची एकशे चार, माझी एकशे सात. मागच्या घडीवर लाल पेन्सिलने क्रमांक घातले होते.

दोन. सुरुवातीला तो इंग्रजी शब्द घातलायस तो सिनेमावाल्यांसाठी ठीक आहे. आमच्यासाठी मैत्रीणच राहू दे. तिने सभेत तोच शब्द वापरला होता.

तीन. "पाऊस आहे का," हे ती विचारायची नाही, मी विचारायचे. आणि ती दर वेळी "आहे" म्हणायची. मे महिन्यातसुद्धा.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, नाशिक
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये.)